सुमित्रावहिनींची धाकटी जोडी

येत्या मे महिन्यात प्रताप बर्गे आणि सुमित्रावहिनी अमेरिकेतलं आमचं हे स्टेट कॉलेज गाव सोडून सनीव्हेलला मुलाकडे, विवेककडे, राहायला जाणार आहेत. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी वहिनींवर चार शब्द लिहून द्या, असं अध्यक्ष चंद्रशेखरनं मला सांगितलं. मी जन्मभर पुलांची कामं केली. लिहिण्याची सवय नाही. दोनदा नाही म्हणालो, मग वाटलं की ते हॉस्पिटलमधलं माझ्याशिवाय कोण लिहिणार? जे आठवतं ते लिहितो. जमलं नाही तर चंद्रशेखरनं खुशाल काट मारावी.

प्रताप मातीचा शास्त्रज्ञ. इथल्या युनिव्हर्सिटीत तो आला तेव्हा गावात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. वहिनी मागून आल्या. साताऱ्याकडच्या, कोरेगावच्या बाजूच्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी अजिबात नाही. प्रताप दिवसभर लॅबमध्ये, बाहेर बर्फ, आणि घरात बोलायला कुणी नाही. शेवटी त्या विवेकला बाबागाडीत घालून गावातल्या लायब्ररीत जाऊन बसू लागल्या. तिथं हीटर चांगला होता, असं त्या सांगतात. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं वाचत वाचत त्यांनी इंग्रजी शिकून घेतलं. पुढे लोकांनी परत केलेली पुस्तकं कपाटात लावायचं काम त्यांना मिळालं. साडीवर स्वेटर, पायात बूट आणि पुढ्यात पुस्तकांची ढकलगाडी, असं त्यांना गावानं वीस वर्षं पाहिलं आहे.

त्या ढकलगाडीतच त्यांना रशियाच्या चार राजकन्या सापडल्या. मोठं, जड, फोटोंचं पुस्तक होतं. चार मुली एका रांगेत उभ्या. चौघींचे पांढरे फ्रॉक एकसारखे.

"मला वाटलं, अनाथाश्रमाचा फोटो आहे," वहिनींनी मला एकदा सांगितलं. "मग वाटलं, नाही, ह्या सख्ख्या बहिणी. आमच्याकडे दिवाळीला आबा एकच तागा आणायचे, सगळ्या पोरींना त्यातलंच. तसं दिसलं. खाली वाचलं तर राजाच्या मुली! म्हटलं, राजाकडेही एकच तागा?"

ते पुस्तक त्यांनी डिक्शनरी घेऊन वाचलं. मग त्या विषयावरची दुसरी पुस्तकं. रशियाच्या शेवटच्या झारच्या या मुली: ओल्गा, तात्याना, मारिया आणि अनस्तासिया. वहिनींना त्यांचा असा लळा लागला, की प्रताप म्हणायचा, "आमच्याकडे आज जेवायला सात जण आहेत. चौघी रशियाहून आल्यात."

माझी पत्नी गेल्यावर माझं घर मला फार मोठं वाटू लागलं, म्हणून मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग माझ्या बेसमेंटमध्ये भरू लागला. शिकवायला वहिनी. मुलं बाराखडीला कंटाळायची. विचारलं मराठीत की उत्तर इंग्रजीत. मग वहिनी गोष्टी सांगू लागल्या. आणि कुठल्या, तर ह्या राजकन्यांच्या. मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. वर्गातला सगळ्यात नियमित विद्यार्थी मीच असेन.

"राजाच्या मुली, पण निजायला काय? सैनिकांची खाट. मऊ गादी नाही. सकाळी उठायचं, आपापलं अंथरूण आपण आवरायचं, आणि गार पाण्यानं अंघोळ."

"Cold water? In Russia?" मुलं ओरडायची.

"मराठीत ओरडा."

"गार पाणी? रशियात?"

"रशियात. आणि तुम्ही इथं गरम शॉवरमधून बाहेर येत नाही."

ओल्गाची ओल्गाताई झाली होती. तात्यानाची तात्या झाली होती, कारण वहिनींच्या तोंडी तेच बसलं. तात्या सगळ्यांवर हुकूम चालवते, तात्या आईची औषधं सांभाळते, असं सगळं. एकदा नागपूरहून कुणाचे तरी वडील आले होते, त्यांना घरात तात्या म्हणत. नातवानं त्यांना विचारलं, "तात्या, तुमचा फ्रॉक कुठंय?" ते गृहस्थ आठवडाभर विचारात होते.

चंद्रशेखर तेव्हाही मंडळाचा अध्यक्ष होता. त्याच्या कानावर गेलं. तो मला भेटायच्या निमित्तानं आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, आपल्याकडे शिवाजी महाराज असताना मुलांना झारच्या मुली कशाला? त्यात रशिया. शीतयुद्धाचे दिवस, इकडचं वातावरण बघताय ना?"

"महाराजांचं तुम्ही सांगा," वहिनी म्हणाल्या. "तुमचा आवाज चांगला आहे. पुढच्या रविवारी या. मी सगळ्यांना चहा करते."

तो आला नाही. हे तो छापतो की नाही, ते बघू.

आता ज्या हिवाळ्याबद्दल सांगायचं आहे तो पंचाऐंशीचा. शैलेंद्र शिर्के इथल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत इंजिनिअर. त्याची बायको दीपा, मुंबईची. त्यांच्या तीन मुली आमच्या वर्गात. थोरली विनीता दहा वर्षांची, मधली कांचन तिच्या पाठोपाठची, आणि रेखा पाचही पूर्ण न झालेली. दीपाला पुन्हा दिवस गेले होते. बाळंतपणाला शैलेंद्रची आई साताऱ्याहून आली होती. त्यांना सगळे आक्का म्हणत. नऊवारी लुगडं, त्यावर शैलेंद्रचा पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट, असा त्यांचा वेष. बर्फ पाहून म्हणाल्या होत्या, "एवढं मीठ कुणी सांडलं?" माणूस गमतीचा होता. पण एका गोष्टीत गंमत चालत नसे. यंदा नातू पाहिजे.

त्याच दिवसांत वहिनींनी वर्गात जोड्यांची गोष्ट सांगितली. त्या चार बहिणींच्या दोन जोड्या होत्या. ओल्गा आणि तात्याना ही मोठी जोडी, मारिया आणि अनस्तासिया ही धाकटी जोडी. मोठ्या जोडीची एक खोली, धाकट्या जोडीची दुसरी. पत्रावर सही करायची तर चौघींच्या नावांची पहिली अक्षरं जोडून एकच.

रेखा उठून उभी राहिली. "मावशी, विनीता अँड कांचन मोठी जोडी. माझी जोडी कुठंय?"

"येतेय. आईच्या पोटात आहे."

"It could be a boy," विनीता म्हणाली.

"No! जोडी!"

तेव्हापासून ती दीपाच्या पोटाला जोडीच म्हणायची. कान लावून "जोडी, काय करते?" असं विचारायची. आक्का तिला हटकत. "जोडी न्हाई गं बये, भाऊ म्हण, भाऊ!" रेखा मान हलवायची.

गोष्ट पुढे गेली. लढाईत मोठ्या दोघी नर्स होऊन जखमी शिपायांच्या पट्ट्या बांधू लागल्या, धाकट्या दोघी त्यांना हसवायला जाऊ लागल्या. राज्य गेलं. गोवर आला, केस गळले, चौघींनी डोकी भादरून घेतली. कैदेत अनस्तासिया नकला करायची. वहिनी तिथंच थांबल्या. त्यापुढचं सांगत नव्हत्या. पण विनीता आईबरोबर लायब्ररीत गेली होती.

"मावशी, they died. सगळे. They took them to a basement."

मुलांनी एकेक करून आमच्या त्या बेसमेंटच्या भिंतींकडे पाहिलं. छोटी खिडकी, वॉटर हीटर, खाली यायचा जिना.

"उठा सगळे," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, वर तुमच्या दिवाणखान्यात बसलं तर चालेल?"

तेव्हापासून वर्ग वर भरतो. त्या दिवशी वर आल्यावर विनीतानं विचारलं, "पण अनस्तासिया? लोक म्हणतात, she got away. खरं?"

"मला ठाऊक नाही, बाळा. कुणालाच नक्की ठाऊक नाही." वहिनींनी तिचा स्वेटर नीट केला. "पण बघ, ती जन्मली तेव्हा सगळ्यांना मुलगा हवा होता. तिचा बाप तिला बघायला जायच्या आधी बागेत एक चक्कर मारून आला म्हणतात. मन सावरायला. आणि आता साठ-सत्तर वर्षं झाली, तरी सगळं जग शोधतंय कुणाला, तर त्या चौथीला."

मला हे तेव्हा नुसतं छान वाटलं. त्यामागे काही असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीत दीपाला मुलगी झाली. शैलेंद्रचा मला फोन आला. "काका, मुलगी. All fine. आईला जरा... यू नो." तिघी मुली वहिनींकडे होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना गाडीतून हॉस्पिटलमध्ये नेलं, कारण बर्फात वहिनी गाडी चालवत नाहीत. रेखाच्या मांडीवर एक बाहुली होती, जोडीला द्यायला आणलेली. वाटेत ती तीन वेळा म्हणाली, "मी तिला सांगणार, मी मारिया."

हॉस्पिटलात बाळांची खोली काचेची होती. ओळीनं पाळणे, प्रत्येक पाळण्याला नावाचं कार्ड. वहिनी पुढे होत्या. कोटाची बटणं काढता काढता त्या थांबल्या. मी त्यांच्या मागून पाहिलं. काळ्याभोर केसांचं एकच बाळ होतं. त्याच्या कार्डावर मोठ्या गोल इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, नकोशी शिर्के.

मी विदर्भातला. आमच्याकडे हे नाव मी ऐकलं नव्हतं, पण मराठी माणसाला अर्थ सांगावा लागत नाही.

"विनीता, तुम्ही इथं उभं राहून बाळ बघा," वहिनी म्हणाल्या, आणि समोरच्या खोलीत गेल्या. मी दारापर्यंत गेलो. आत जावं की नाही ते न कळल्यामुळे दारातच राहिलो.

दीपा भिंतीकडे तोंड करून पडली होती. आक्का खुर्चीत. शैलेंद्र खिडकीशी उभा.

"ते कार्ड कुणी लिहिलं?" वहिनींनी विचारलं.

शैलेंद्र हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "अहो मावशी, कॉमेडी झाली. मी फोन करायला खाली गेलो होतो, दीपा झोपली होती. नर्सनं आईला विचारलं, नेम? आईला तेवढं कळलं. ती चिडलेली होती. म्हणाली, नकोशी. नर्सला वाटलं, नावच आहे. 'How pretty!' म्हणाली. आता सगळ्या नर्सेस तिला तेच म्हणतायत."

"मग बदल ना."

शैलेंद्र आईकडे बघू लागला.

"कशापायी बदलायचं?" आक्का म्हणाल्या. "आमच्या भावकीत हेच नाव ठिवलं आन् पुढल्या साली पोरगा झाला. नाव ठिवलं की पाळणा फिरतो. उद्या घरी सोडायच्या आधी नाव सांगाया लागतंय ना? तेच सांगा."

"मावशी, मी म्हणतो, राहू दे ना," शैलेंद्र हळू आवाजात म्हणाला. "आईची समजूत निघते. इथं अमेरिकेत कुणाला त्याचा अर्थ कळणार आहे? जपानी वाटतं."

"तिला कळेल," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"तिला कळेल. मी तिला मराठी शिकवणार आहे ना, रविवारी."

वहिनींनी एक स्टूल ओढलं आणि आक्कांच्या पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या. आणि मग त्या जे बोलल्या ते मी त्यांच्या तोंडून वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. शब्दही नाही आणि ती बोलीही नाही.

"आक्का, माझं नाव काय?"

"आता गं! सुमित्रा."

"ते ह्यांनी लगनात ठिवलं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिवलं, तवा मी सुमित्रा झाले. त्याच्या आधी काय व्हतं?"

आक्कांनी ठाऊक नाही अशी मान हलवली.

"नकोशी. मी चौथी. माझ्या पाठीवर भाऊ झाला. म्हंजी नावानं काम केलं. पर काम झाल्यावर नाव कुणी परत घेतलं न्हाई. साळंत मास्तर हजेरी घ्यायचं. नकोशी? की मी म्हणायचं, हजर. रोज. सात वर्सं. नकोशी? हजर."

माझ्या हातातली टोपी मी उगाचच दुसऱ्या हातात घेतली.

"माझी तिसऱ्या नंबरची बहीण तेवढी मला त्या नावानं हाक मारायची न्हाई. कायतरी दुसरंच म्हणायची. चिमणी, साळू, रोज नवं. तिच्यामुळं निभलं."

आक्कांचा आवाज जरा खाली आला. "अगं, पर मी काय वाईट चिंतलं व्हय पोरीचं? रीत हाय ती."

"मला ठाव हाय तुमी वाईट चिंतलं न्हाई. माझ्या आज्जीनंबी न्हाई चिंतलं."

तेवढ्यात बाहेरून एक आरोळी आली. विनीतानं रेखाला उचलून काचेपाशी धरलं होतं. "जोडी! जोडी आली! माझी जोडी!" ती काचेवर दोन्ही हात आपटत होती. इतकी मोठ्यानं, की दोन बाळं जागी होऊन रडू लागली. कांचन तिला गप्प करायला म्हणून ओरडत होती. सगळा कॉरिडॉर वळून बघत होता.

एक नर्स तिच्याजवळ वाकली, काहीतरी बोलली, हसली, आणि मग आमच्या खोलीच्या दारात आली. मी बाजूला झालो. तिच्या हातात पेन होतं.

"मला जरा कन्फ्यूजन आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "कार्डावर नकोशी आहे. पण ती लहानगी बाळाला जोडी म्हणतेय. माझ्या भाचीचं नाव जोडी आहे. नक्की कोणतं नाव लिहू?"

आता मंडळाच्या लोकांना हे सांगायला नको, की जोडी हे अमेरिकेत मुलींचं चांगलं रुळलेलं नाव आहे. पण शपथेवर सांगतो, त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. शैलेंद्रनं आईकडे पाहिलं. वहिनींनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्यांचं म्हणून झालं होतं.

दीपानं भिंतीकडचं तोंड वळवलं. आदल्या दिवसापासून ती बोललीच नव्हती, हे मला शैलेंद्रनं नंतर सांगितलं.

"जोडी," ती म्हणाली. आणि एकेक अक्षर सावकाश सांगितलं. "जे, ओ, डी, आय, ई." मग मराठीत, सासूकडे बघून, "आई, मला ती हवी आहे. मला चारही हव्या आहेत."

नर्सला शेवटचं काही कळलं नाही, पण तिनं जुनं कार्ड काढून खिशात घातलं आणि नवं लिहायला गेली.

आक्कांनी पदराचा काठ सारखा केला. मग बाहेर रेखाचं चाललंच होतं, तिकडे मान करून म्हणाल्या, "दोन जोड्या झाल्या मग. दोन नांगर चालतील. आता काय, शेत घ्या म्हणावं." आणि उठून, पार्का सावरत, काचेपाशी गेल्या. पहिल्यांदाच. रेखानं त्यांना बाळ दाखवलं, जणू तिनंच ते आणलं होतं. "आजी, this is जोडी."

"व्हय व्हय, बघितलं. नाक आमच्याकडलं हाय."

बारसं झालं माझ्या दिवाणखान्यात. आत्या इथं नव्हती, म्हणून आत्याचा मान वहिनींना. कानात नाव कुर्रर्र करताना त्यांनी एवढा वेळ लावला, की चंद्रशेखर म्हणाला, "वहिनी, एकच नाव सांगायचंय, गोष्ट नाही!" पाळण्यात काय सांगितलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आक्कांनी मात्र त्यांना त्यानंतर कधी नावानं हाक मारली नाही. "अगं पोरी" म्हणू लागल्या. पन्नाशीच्या बाईला.

आक्का परत गेल्या. जोडी आता तीन वर्षांची आहे. वर्गात रेखाच्या मांडीवर बसते आणि सगळ्या गोष्टींत आपण अनस्तासिया असल्याचं सांगते. सुटली का नाही, असा प्रश्न ती विचारत नाही. तिच्या मते ती सुटलेलीच आहे.

गेल्या दिवाळीला साताऱ्याहून पार्सल आलं. वर्ग चालू असतानाच शैलेंद्रनं ते आणून उघडलं. आत एकच अख्खा तागा. जांभळा खण, बारीक नक्षीचा. बरोबर निरोप होता, शैलेंद्रच्या भावानं फोनवर सांगितलेला. पाच जणींचं कापड आहे, एकसारखं शिवून घ्या.

विनीतानं बहिणी मोजल्या. ती आता चांगली मराठी बोलते. "पण आम्ही तर चौघी. पाचवी कोण?"

शैलेंद्र वहिनींकडे बघून म्हणाला, "आई म्हणाली, कोण ते विचारलं तर हजेरी घ्या. जी हजर म्हणेल तिचं."

ताग्याची घडी उलगडून वहिनींनी कापड आधी जोडीच्या खांद्याला लावून पाहिलं, मग रेखाच्या, कांचनच्या, विनीताच्या. मग चष्मा पुसायला म्हणून माझ्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि तिथून, कुणी विचारलं नव्हतं तरी, त्यांचा आवाज आला.

"हजर."

निरोपाच्या कार्यक्रमाला त्या पाचही जणी त्या खणाचं घालून येणार आहेत. फोटो काढायला मी सांगून ठेवलं आहे. एका रांगेत उभं करून.